लोणारचे पाणी आणि आभाळातला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या दिवशी आपल्यापैकी एकीने बोलावयाचे अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर आपण येथे लोणची-मुरंब्यांवर ऐकले, बाळंतिणीच्या काळजीवर ऐकले, बचतगटाच्या हिशेबावर तर दोनदा ऐकले. यंदा माझी पाळी आली आणि मी जो विषय सांगितला तो ऐकून चिटणीसबाईंनी लेखणीच खाली ठेवली. विषय असा, की पृथ्वीच्या बाहेर कोठे जीव असेल काय, आणि माणसाला तेथे नेऊन जगवावयाचे झाल्यास काय काय लागेल, याचा शोध घेणारी एक विद्या आहे. ती शिकून एखाद्या मुलीला त्यात आयुष्य घालविता येते. आणि आपल्या गावच्या मुलींनाही ती वाट बंद नाही.

पहिल्या शोधाला खगोलजीवशास्त्र म्हणतात. माणसाला तेथे जगविणारी जी मांडणी, तिला जीवनाधार यंत्रणा म्हणतात. शब्द मोठे आहेत, पण मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. पुतणीने वाचून दाखविले, मी विचारीत गेले, आणि जे दोनदा विचारूनही मला उमगले नाही ते मी येथे आणलेले नाही. तेव्हा कोणी घाबरू नये.

हा विषय देऊळघाटात कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि चिखली-मेहकरवरून गेले तर एका दिवसात पाहून परत येता येते. ते म्हणजे लोणार.

लोणार आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. कोणी नवरात्रात कमळजादेवीला गेल्या असतील, कोणी धारेच्या तीर्थावर. लोणासुराची गोष्ट आणि दैत्यसूदनाचे देऊळ आपल्याला ठाऊक आहे. ती गोष्ट आपल्या जागी असो. शास्त्रज्ञ सांगतात ते असे, की आभाळातून एक मोठी उल्का येऊन तेथे आदळली आणि काळ्या पत्थरात हा खड्डा पडला. ज्या पत्थराचे आपले जाते आणि पाटा-वरवंटा, तोच हा पत्थर. खड्ड्याचे तोंड सुमारे १.८ किलोमीटर रुंद, खोली दीडशे मीटरच्या आसपास. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षे वाद चालला की हे ज्वालामुखीचे तोंड की उल्केचा घाव. १९७३ साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला. तेथल्या खडकात त्यांना एक काच सापडली होती, जी नुसत्या उष्णतेने होत नाही, जबरदस्त आघातानेच होते. वाद तेथे मिटला. वयाचा मात्र मिटावयास आणखी वेळ लागला. पूर्वी हा खड्डा ५०,००० वर्षांचा धरीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सुमारे ५,७०,००० वर्षांचा निघाला.

चंद्रावर आणि मंगळावर असले खड्डे अगणित आहेत, आणि मंगळाची जमीनही पुष्कळशी याच जातीच्या पत्थराची आहे. पृथ्वीवर मात्र काळ्या पत्थरात उल्केने पाडलेले आणि नीट शाबूत राहिलेले खड्डे बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारी माणसे देशोदेशींहून आपल्या जिल्ह्यात येतात. आपण मात्र तेथे जाऊन नारळ फोडतो, भजी खातो आणि परत येतो.

आता त्या पाण्याविषयी. तळ्यात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी उचलून नेते आणि खार मागे राहतो, वर्षानुवर्षे. हा खार नुसता मिठाचा नाही, सोड्याचाही आहे. आपल्या पापडखाराच्या जातीचा म्हणा ना. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचा खार गोळा करीत, त्याला पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे होती. अकबराच्या काळच्या ऐने-अकबरीतसुद्धा लोणारास काच व साबण यांना लागणाऱ्या वस्तू मिळतात अशी नोंद आहे. मुली शाळेत सामू नावाचे एक माप शिकतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, दह्याचा साडेचारच्या आसपास, आणि लोणारच्या पाण्याचा शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा दहाच्या आसपास भरला. साबणाच्या पाण्यात जगण्यासारखेच ते. आमच्या सासूबाई म्हणत, "अवं, त्या पाण्यात मासोळी नाई, मंग काय जगते तिथं?"

तर जगते. डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यात गच्च भरलेले असतात. पाण्याचा हिरवा रंग आहे तो निळ्या-हिरव्या शैवालाचा, आणि त्यात स्पिरुलिना नावाचे शैवाल मुख्य. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांना तेथे एक अगदी नवा जिवाणू सापडला. २०१२ साली त्याचे नाव ठेवले सेसेम्बिया लोनारेन्सिस. सी.सी.एम.बी. ही त्या केंद्राची आद्याक्षरे आहेत, त्यावरून सेसेम्बिया झाले. म्हणजे आडनाव हैदराबादचे, गाव लोणार. आपल्याकडे माणसांची नावे याहून वेगळ्या रीतीने कोठे ठेवतात?

२०२० सालच्या जून महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, तळे एकाएकी गुलाबी झाले ते आठवत असेल. तेव्हा गावोगाव काय काय बोलले गेले! कोणी म्हणाले प्रलय जवळ आला. प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. नागपूरच्या नीरी संस्थेने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाऊस कमी होऊन पाणी खाली गेले होते, खारेपणा वाढला होता, आणि खारातच सुखाने नांदणारे काही सूक्ष्म जीव एकदम फोफावले होते. त्यांच्या अंगात गुलाबी रंग असतो, गाजराच्या रंगाच्या कुळातला. पाणी भांड्यात काही काळ ठेवले की ते जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. पुढे पाऊस पडून पाणी वाढले आणि रंग गेला.

आता याचा आभाळाशी संबंध काय, ते सांगते. आपल्याला जे पाणी विषासारखे वाटते त्यात जर जीव घर करून राहतो, तर दुसऱ्या एखाद्या ग्रहावरच्या खाऱ्या-खवळ्या पाण्यात तो का राहिला नसेल, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडतो. मंगळ आज कोरडा व थंड आहे, पण फार पूर्वी तेथे पाणी वाहत होते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेची पर्सिव्हिअरन्स ही गाडी मंगळावर ज्या ठिकाणी उतरली त्याचे नाव जेझेरो. ते बोस्नियातल्या एका लहान गावाचे नाव आहे आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ तळे. उल्केने पडलेला खड्डा आणि त्यात एके काळी भरलेले तळे! आपल्या लोणारपेक्षा ते पुष्कळ मोठे, सुमारे ४५ किलोमीटर रुंद. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या बाईला हे ऐकून लोणार आठवल्यावाचून राहील काय? २०२५ साली तेथल्या एका दगडावरचे बिबट्याच्या अंगासारखे ठिपके ही जुन्या जीवाची खूण असू शकेल, असे प्रसिद्ध झाले. खात्री झालेली नाही. पृथ्वीबाहेर जीव आजपर्यंत सापडलेला नाही, हे येथे स्पष्ट सांगून ठेवते, नाहीतर उद्या गावात भलतेच पसरेल.

या शोधात आपली मराठी माणसेही आहेत. डॉ. जयंत नारळीकरांचे नाव कोणाला ठाऊक नाही? ते २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यांनी व इतर शास्त्रज्ञांनी २००१ साली आणि पुन्हा २००५ साली हैदराबादहून मोठाले फुगे आकाशात सोडले. फुग्याला बांधलेल्या निर्जंतुक नळकांड्यांत जमिनीपासून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा भरून आणली. ती हैदराबादेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तपासली. २००५ च्या हवेत तीन नवे जिवाणू निघाले, ते २००९ साली जाहीर झाले. एकाला इस्रोचे नाव दिले, एकाला आर्यभटाचे, एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे. मग हे जिवाणू बाहेरून आलेले, की येथलेच वर उडून गेलेले? अजून ठरलेले नाही, आणि इस्रोने तेव्हाच तसे मोकळेपणी सांगितले. मला ही गोष्ट फार आवडली. एवढा खर्च, एवढे कष्ट, आणि शेवटी सरळ सांगावयाचे की खात्री नाही!

दुसरे आहेत पराग वैशंपायन. पुण्यात संशोधन शिकून ते अमेरिकेत गेले. त्यांचे काम ऐकून माझ्या सासूबाईंना आनंद झाला असता, कारण ते सोवळ्याचे काम आहे. मंगळावर यान पाठवावयाचे तर त्यावर पृथ्वीचा जिवाणू चिकटून जाता कामा नये. नाहीतर आपणच नेलेला जीव आपणच तेथे सापडला म्हणून नाचू. म्हणून यान जेथे बांधतात ती खोली इतकी स्वच्छ ठेवतात की आपले देवघर त्यापुढे काहीच नाही. एवढे करूनही काही जिवाणू तेथे तग धरतात. त्यांतल्या एका नव्या जिवाणूची ओळख वैशंपायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली करून दिली. त्याचे नाव टर्सिकॉकस फीनिसिस. त्यातल्या पहिल्या शब्दाचे मूळ 'स्वच्छ' या अर्थाचे आहे. एक अमेरिकेतल्या फ्लोरिडात, दुसरी दक्षिण अमेरिकेतल्या कुरू येथे, अशा हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन स्वच्छ खोल्यांतच तो तेव्हा सापडला होता. पुसून, धुऊन, औषध मारूनही उरतो तो हा.

येथवर झाले जीव शोधण्याचे. आता जीव जगविण्याचे. हे काम तर आपलेच आहे.

चहूकडून बंद केलेले एक घर डोळ्यांपुढे आणा. खिडकी उघडता येत नाही, विहीर नाही, दुकान नाही, उकिरडा नाही. हवाही बरोबर न्यावयाची. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, खाण्यापिण्यात मिळून तीनेक लिटर पाणी लागते, आणि तो सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतो. तो काढला नाही तर डोके दुखू लागते आणि शेवटी माणूस जातो. महिन्याचा किराणा भरतो तसे हे सगळे भरून न्यावयाचे म्हटले तर यान जमिनीवरून उठणारच नाही. म्हणून तेथे एकच उपाय, वापरलेले पुन्हा वापरावयाचे.

आपण काय करतो? तांदळाचे धुवण म्हशीला, भांड्यांचे पाणी अळूला, न्हाणीचे केळीला. मे महिन्यात टँकरची वाट पाहताना तर एकच पाणी तीनदा हात बदलते. अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे सतत राहत आहेत, त्यांची रीत हीच, फक्त फार काटेकोर. घाम, श्वासातली वाफ, लघवीसुद्धा, सगळे गोळा करून शुद्ध करतात आणि पितात. २०२३ साली तेथे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणी परत मिळविता आले. तोंडे वाकडी करू नका. पैनगंगेत वरच्या अंगाला काय काय मिसळते ते आपण पाहतोच, आणि तेथे गाळलेले पाणी आपल्या पाण्याहून स्वच्छ असते. प्राणवायूही तेथे पाण्यातूनच काढतात, विजेने पाणी फोडून.

पण ही झाली यंत्रांची गोष्ट. यंत्र मोडते. लांब मंगळावर गेलेल्याला नवा भाग कोण आणून देणार? म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात असे, की जिवंत झाडेझुडपे व जिवाणू यांच्याकडूनच हे काम करवून घ्यावे. माणसाने टाकलेले जिवाणूंनी कुजवावे, त्या खतावर शैवाल व झाडे वाढावीत, त्यांनी प्राणवायू व अन्न द्यावे. युरोपच्या अवकाश संस्थेने १९८९ पासून मेलिसा नावाचे असे काम चालविले आहे आणि त्यांनी कित्ता पुढे ठेवला तो एका तळ्याचा. त्यांनी निवडलेले शैवाल कोणते? स्पिरुलिना! लोणारला आपण ज्या हिरव्या साईकडे पाहून नाक दाबतो, त्याच कुळातले शैवाल डिसेंबर २०१७ मध्ये अवकाश स्थानकाकडे पाठविले, ते तेथे वाढते काय आणि प्राणवायू देते काय हे पाहण्यासाठी. खाण्यासही ते पौष्टिक आहे, प्रथिने भरपूर. चवीविषयी मी काही बोलत नाही.

रशियन लोकांनी सायबेरियात क्रास्नोयार्स्क येथे १९७२ साली असे बंद घर बांधून पाहिले. आत गहू व भाजीपाला पिकवीत तीन माणसे एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहिली. याहून गाजली ती अमेरिकेतल्या ॲरिझोना वाळवंटातली काचेची वसाहत. तीन एकरांहून थोडी मोठी, आत शेत, जंगल, छोटासा समुद्र. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार बायका आणि चार पुरुष आत गेले आणि दोन वर्षे राहिले. वर्ष-सव्वा वर्षात त्यांच्या हवेतला प्राणवायू शेकडा एकवीसवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. माणसे धापा टाकू लागली. बाहेरून प्राणवायू घालावा लागला. असे का झाले? शेतकऱ्याच्या घरच्या बाईने हे नीट ऐकावे. त्यांनी जमीन कसदार व्हावी म्हणून मातीत सेंद्रिय खत भरपूर घातले होते. मातीतले जिवाणू ते खात बसले आणि खाताना प्राणवायू ओढीत राहिले. त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाडांनी प्राणवायू परत करावयाचा, पण तो वायू बराचसा काँक्रीटच्या भिंतींनीच शोषून घेतला. हिशेब जुळेना. माती जिवंत असते, ती श्वास घेते, हे आपले आजेसासरे सांगत. पण किती घेते याचे माप त्या काचेच्या घरात निघाले.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांना सुजीचा हलवा, आलू-छोले आणि पुलाव करून दिला होता. तुम्ही म्हणाल, हलवा करण्यात काय आहे? पण तो महिनोन्महिने टिकला पाहिजे, त्याचे कण उडता कामा नयेत, कारण तेथे कण खाली पडत नाही, नाकात किंवा यंत्रात जाऊन बसतो. २५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला निघाले, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहिलेले ते पहिले भारतीय झाले. गाजराचा हलवा, मुगाचा हलवा व आमरस त्यांनी बरोबर नेला होता. खाण्याचे ऐकून सगळ्यांना बरे वाटले. मला मात्र दुसरी गोष्ट मोठी वाटली. त्यांनी तेथे मूग आणि मेथी भिजवून मोड आणले. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या व तेथल्या आय.आय.टी.च्या शास्त्रज्ञांनी आखला होता. जेथे वर-खाली असे काही नाही तेथे मोडाचे मूळ कोठे वळते, त्यातला कस टिकतो काय, त्यावर कोणते जिवाणू येतात, हे पाहावयाचे. मोड आणण्याचे काम आपण दर आठवड्याला करतो. त्यातून एवढे प्रश्न निघतात, आणि ते प्रश्न विचारण्यासाठी कोणाला पगार मिळतो, हे मुलींना कळले पाहिजे.

आता पगाराचाच विषय निघाला, तर खरे ते सांगते. 'खगोलजीवशास्त्रज्ञ पाहिजेत' अशी जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. मुंबईजवळ पनवेलला ॲमिटी विद्यापीठात या विषयाचे एक केंद्र निघाले आहे, पण एकंदर देशात या नावाच्या जागा फार थोड्या. तेथे पोचण्याची वाट सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, भूगर्भ, वनस्पती किंवा यंत्रांचे शिक्षण यांतून जाते. बारावी विज्ञान, मग बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी.; आठ-दहा वर्षे सहज जातात. पण पीएच.डी. करताना घरचेच पैसे घालावे लागतात, ही समजूत चुकीची आहे. नेट नावाची परीक्षा चांगल्या गुणांनी उतरली तर संशोधनासाठी सरकार दरमहा ३७,००० रुपये देते. हा आकडा २०२३ पासूनचा. आणि मध्येच थांबावे लागले तरी शिकलेले फुकट जात नाही. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळा, दूध डेअरी, दवाखाने, औषधांचे कारखाने, सगळीकडे सूक्ष्मजीव जाणणारे माणूस लागते. ज्यांच्या मुली नववीत आहेत त्यांनी युविका हे नाव लिहून घ्यावे. इस्रो २०१९ पासून नववीच्या मुलामुलींना उन्हाळ्यात आपल्या केंद्रांत शिकावयास नेते, आणि खेड्यातल्या शाळांना निवडीत जास्तीचे गुण धरते.

हे सगळे मी का सांगत बसले, ते आपणांपैकी काहीजणींना ठाऊक आहे. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी बुलढाण्यास बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. गेल्या मार्गशीर्षात तिला एक स्थळ सांगून आले. घर चांगले, बागायत, मुलगा सरळ. त्यांची एकच अट होती, की शिक्षण आता पुरे. आमच्या भाऊजींचेही काही खोटे नव्हते. सोयाबीनला भाव नव्हता, पाठीमागे धाकटी एक मुलगी आहे, आणि असे स्थळ पुन्हा चालून येईलच असे नाही. आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. मुलगी मला म्हणाली, "मोठीआई, मी नाई म्हणत नाही. दोन-तीन वर्षं थांबा म्हणते." एवढेच ती म्हणाली, रडली नाही. मी भाऊजींना सांगितले की त्यांना थांबण्याविषयी विचारून तर पाहा. त्यांनी विचारले. पाहुण्यांनी नकार दिला, आणि त्यात त्यांचा मी दोष मानीत नाही. त्यांना घाई असेल. भाऊजींनी दोन रात्री विचार करून मुलीला कॉलेजची फी दिली. त्या पैशांत बैलाचे पैसेही होते.

त्यानंतर आपल्याच मंडळात कोणी म्हणाल्या, "पोरीला आता आभाळात धाडता काय?" हसण्यावारी बोलले गेले, मीही हसण्यावारी घेतले. पण उत्तर द्यावयाचे राहिले होते. ती आभाळात जाणार नाही. या विद्येतली बहुतेक माणसे जन्मात विमानापेक्षा उंच जात नाहीत. ती प्रयोगशाळेत बसून काचेच्या थाळीत जिवाणू वाढवितात, पाण्याचे थेंब मोजतात, हिशेब लिहितात. कधी कधी लांब, अवघड जागी जावे लागते हे खरे. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत समुद्रविज्ञान शिकल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या, आणि १९८३ च्या डिसेंबरात भारताच्या तिसऱ्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर गेल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, या तेथे पोचलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. समुद्राच्या त्या बर्फगार पाण्यातले सूक्ष्म जीव हाच पंत यांच्या अभ्यासाचा विषय. विदर्भातल्या मुलीने हे केले त्याला चाळीस वर्षांवर होऊन गेली. मग आपण आज नवीन असे काय मागतो आहोत?

लग्नाचे म्हणाल, तर मंगलाताई नारळीकरांनी संसार केला, मुली वाढविल्या, सासूसासऱ्यांचे केले आणि १९८१ साली गणितात पीएच.डी. मिळविली. सगळ्यांना ते जमेल असे नाही. त्यांच्या घरी त्याला पोषक वारे होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. आमच्या घरी वारे तसे नव्हते. निदान दार लावून घेतले नाही.

पुतणीच्या मनात एम.एस्सी.ला लोणारच्या पाण्यावर काम करावे असे आहे. मिळेल, न मिळेल. पण त्या तळ्याविषयी तिने एक गोष्ट सांगितली ती मला झोंबली. गावाचे सांडपाणी, शेतातल्या खताचे पाणी त्या तळ्यात उतरते, अशी तक्रार न्यायालयापर्यंत गेलेली आहे. बाहेरचे पाणी फार मिसळले तर खार पातळ होतो, आणि जे जीव त्या खारावाचून जगत नाहीत ते जातात. लाखो वर्षे टिकलेले, जगात दुसरीकडे मिळणे कठीण असे ते जीव, आणि त्यांना ओळखणारी माणसे अजून पुरती तयारही झालेली नाहीत. १९७९ साली लोणारला राष्ट्रीय भूवारसा म्हणून मान मिळाला, २०२० साली रामसरच्या जागतिक यादीत नाव गेले. मान मिळाले, तरी पाणी तपासावयास शिकलेल्या मुली लागतातच, आणि त्या जवळपासच्या असल्या तर आणखी बरे.

तेव्हा माझी एक सूचना आहे, ती अध्यक्षबाईंनी सभेपुढे ठेवावी. आपली सहल आपण नेहमी शेगावला नेतो. महाराजांचे दर्शन आपण एरव्हीही घेतोच. यंदा दिवाळीनंतरची सहल लोणारला न्यावी आणि आपल्याबरोबर आठवी ते दहावीच्या मुलींनाही न्यावे, सर्व घरच्या, सर्व जातीधर्मांच्या. पलीकडच्या आळीतल्या खालांनी आपल्या दोन नातींची नावे मला आधीच दिली आहेत. मुलींचे एस.टी.चे भाडे मंडळाच्या शिलकीतून निघेल, हिशेब मी खजिनदारबाईंबरोबर करून पाहिला आहे. माझी पुतणी बरोबर येईल, सामू तपासण्याच्या कागदाच्या पट्ट्या ती आणणार आहे. मुलींनी धारेच्या पाण्यात एक आणि तळ्याच्या पाण्यात एक अशा पट्ट्या बुडवून रंग स्वतः पाहावा. ते वन्यजीव अभयारण्य आहे, म्हणून तेथून दगड, माती, झाड काही उचलून आणावयाचे नाही. हे मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त सांगावे लागेल. उतार निसरडा आहे, चपला घालून कोणी येऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

नावे चिटणीसबाईंकडे कोजागिरीपर्यंत द्यावीत. वीसजणींच्या भाकरी आणि मुगाची उसळ मी करून आणीन, बाकीचे तुम्ही वाटून घ्या.